कोंडवळच्या घराचं नेट

आमच्या पाठारे प्रभूंत तोंडावर ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. स्थळ पसंत नसलं की पत्रिका जमत नाही. पत्रिका जमली तर मुलाच्या आजीची तब्येत बरी नसते, किंवा मुलीला अजून शिकायचं असतं. समोरच्याचा मान राखून त्याला वाटेला लावायची ही कला आम्ही फार निगुतीने सांभाळली. जमिनी गेल्या, गिरगावातली घरं गेली, कला तेवढी राहिली. आणि तिच्यातला सगळ्यांत जाणता माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, देवदत्त वेलकर.

भाऊजींनी विमा कंपनीतली नोकरी सांभाळून तीसेक वर्षं ज्ञातीच्या वधू-वर मंडळाचं काम केलं. रविवारी सकाळी गिरगावात मंडळाच्या खोलीत बसायचे आणि इकडचे निरोप तिकडे करायचे. ‘पत्रिका जमत नाही’ असा फोन आला की रिसीव्हर खाली ठेवून म्हणायचे, “मुलीची उंची आवडलेली नाही.” आणि नेमकं तेच निघायचं. एकदा एका मुलीचे वडील दुसऱ्या ज्योतिषाकडून नवी पत्रिका करून घेऊन आले. तिच्यात म्हणे गुण भरभरून जमत होते. भाऊजींनी त्यांना चहा पाजला आणि हळूच सांगितलं, “अहो, ते पत्रिकेचं नव्हतंच.” गृहस्थ तिथेच रडले. भाऊजी त्यांना ठाकूरद्वारच्या बसस्टॉपपर्यंत सोडून आले आणि आम्हाला म्हणाले, “बिचारा. एवढं कसं कळत नाही माणसाला?”

मी नलू. सुरुचीताईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, भोईवाड्याच्या कोर्टात लघुलेखिका होते, तिथूनच निवृत्त झाले. वकील तारीख मागताना जी कारणं देतात ती लिहून लिहून माझी बोटं वाकली. त्यामुळे कारण खरं की बनवलेलं, ते मला वासावरून कळतं. याचा मला अभिमान आहे आणि उपयोग काडीचा नाही, हे या गोष्टीत दिसेलच.

ताई आणि भाऊजी शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचे. ती इमारत पुनर्विकासाला गेली. घरं रिकामी करायची, बिल्डर भाडं देणार, नवी इमारत ‘तीन वर्षांत’ उभी राहणार. ही तीन वर्षं किती लांब असतात ते मला विचारा, असले खटले मी लिहून घेतले आहेत. साठी-सत्तरीतल्या माणसांनी भाड्याच्या घरात दर वर्षी बिऱ्हाड हलवत बसायचं, त्यापेक्षा कोंडवळला जाऊ, असं दोघांनी ठरवलं. कोंडवळ अलिबागच्या पुढे, खाडीच्या कडेला, डोंगराच्या आड आहे. भाऊजींनी निवृत्त झाल्यावर तिथे तीन खोल्यांचं कौलारू घर बांधलं होतं. हवा छान, पाणी गोड, आणि संध्याकाळी सहानंतर काय करायचं हा प्रश्न.

या प्रश्नाला भाऊजींनी एक उत्तर शोधलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी क्षितिजा बंगलोरला असते, सॉफ्टवेअर कंपनीत. चाळिशीला टेकलेली. लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं. आता एकटी राहते आणि काम घरून करते. भाऊजींनी तिला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, ताई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात बसून कोलंबी सोलत होतो.

“तुला बंगलोर काय नि कोंडवळ काय, कॉम्प्युटरच उघडायचा ना? मग आमच्याजवळ ये राहायला. एक खोली तुझीच.”

पलीकडे जरा शांतता झाली. मग क्षितिजा म्हणाली, “आले असते हो बाबा. पण तिथे नेट कुठाय?”

“नेट आलं तर येशील?”

“नेट असेल तर प्रश्नच नाही.”

भाऊजींनी फोन ठेवला आणि आमच्याकडे वळले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. “ऐकलंत? प्रश्नच नाही म्हणाली.” ताईने वर पाहिलं नाही. कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा काढत राहिली. मला मात्र वास आला होता.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींच्या तोंडी दुसरा विषय नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी फिरून आलेली मंडळी बसतात, तिथे त्यांनी प्रश्न टाकला, खेड्यातल्या घराला कुठलं इंटरनेट घ्यावं? ज्यांना स्वतःच्या मोबाइलचा आवाज वाढवता येत नाही ते सगळे फायबर आणि टॉवरवर बोलू लागले. कुणी म्हणालं वायरच हवी, हवेतलं काही खरं नाही. कुणी म्हणालं आता सगळं हवेतूनच येणार, वायरीचा जमाना गेला. त्यांच्यापैकी एकालाही कोंडवळला राहायचं नव्हतं, म्हणून मतं सगळ्यांकडे होती.

वायरीचं आधी बघितलं. गावच्या ग्रामपंचायतीत फायबरचा डबा भिंतीवर लावलेला होता, त्यात हिरवा दिवासुद्धा लागायचा. पण रस्ता रुंद करताना केबल कुठेतरी तुटली होती आणि ती कुणी जोडायची हे ठरत नव्हतं. भाऊजी तीन खेपा घालून आले. तिथल्या माणसाने त्यांना खुर्ची दिली, शहाळं दिलं आणि “होईल, होईल” म्हणाला. हे मात्र भाऊजींनी बरोबर ओळखलं. बोटीतून परत येताना मला फोनवर म्हणाले, “नलू, हे काही होत नाही. होईल दोनदा म्हणाला म्हणजे होणार नाही.”

मग हवेतलं. दादरच्या दुकानात एक पांढरा डबा मिळतो. घरात ठेवायचा, तो मोबाइलच्या टॉवरवरून नेट ओढून घरभर सोडतो. दुकानातल्या मुलीने पिनकोड विचारला, मशीनमध्ये टाकला आणि म्हणाली, “अंकल, वहां नहीं है. आएगा.” भाऊजींनी विचारलं, “कब?” ती म्हणाली, “आएगा ना.” तरी भाऊजींनी शेजाऱ्यांचा डबा उसना मागून कोंडवळला नेला. टॉवर डोंगरापलीकडे. घरात सिग्नलची एक रेघ उमटेना. विहिरीच्या कठड्यावर ठेवला की दोन रेघा येत. ताई म्हणाली, “मग काय क्षितिजाने रहाटाला टेकून मीटिंगा करायच्या?” भाऊजी हसले नाहीत. विहिरीवर पत्र्याची शेड घालता येईल का, याचा ते खरंच विचार करत होते.

तालुक्याच्या गावात दौलत नावाचा केबलवाला आहे. खाडीपलीकडच्या टेकडीवर त्याचा मनोरा आहे. तिथून तो आसपासच्या बंगल्यांना बिनतारी नेट देतो. मनोऱ्यावर एक लहान डिश, तुमच्या छपरावर एक, आणि त्या दोघींना एकमेकी सरळ दिसल्या पाहिजेत. मध्ये पान हललं तरी नेट अडखळतं. भाऊजींच्या छपरापुढे माडांच्या झावळ्या. वारा सुटला की गेलं नेट. दौलतने छपरावर उंच लोखंडी पाइप उभा केला आणि डिश झावळ्यांच्या वर नेली. नेट आलं. भाऊजींनी स्पीड दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो काढून क्षितिजाला पाठवला. कुणाला नातू झाल्याचा फोटोही माणूस इतक्या घाईने पाठवत नाही.

तिचं उत्तर आलं, “वा बाबा! डाउनलोड मस्त आहे. पण अपलोड कमी आहे हो. माझं सगळं काम अपलोडचं.”

भाऊजींनी अपलोड म्हणजे काय ते समजून घेतलं आणि दौलतच्या मागे लागून ते वाढवून घेतलं. मग ती म्हणाली, “वारा-पावसात टिकेल का?” मार्चमध्ये एका दुपारी वाऱ्याने पाइप कमरेत वाकला. तो भाऊजींनी तारेचा ताण देऊन पुन्हा उभा केला. मग ती म्हणाली, “बॅकअप हवा बाबा. एक लाइन गेली तर दुसरी पाहिजे, ऑफिसचा नियम आहे.” आधी मंगळ, मग नाडी, मग गोत्र. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी ताईला म्हटलं, “तुला काय वाटतं?” ताई म्हणाली, “मला त्यातलं काही कळत नाही गं.” ताईला सगळं कळत होतं, हे मला नंतर कळलं.

दुसरी लाइन म्हणजे उपग्रहाची, असं भाऊजींनी ठरवलं आणि ते मला घेऊन माहीमला ॲलॉयशियसकडे गेले. ॲलॉयशियस त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. माहीमचा जुना ईस्ट इंडियन ख्रिस्ती. बोटीवर रेडिओ ऑफिसर होता, समुद्रात असताना उपग्रहावरूनच घरी बोलायचा. त्याने गॅलरीत बसवून आम्हाला नीट समजावलं. उपग्रहाचं नेट दोन जातीचं. एक जुनं. त्यात एकच उपग्रह फार उंचावर एका जागी असतो, त्याच्याकडे तोंड करून छत्री बसवायची. खेड्यातल्या बँकेवर असते तशी. आजही एजंटाकडून मिळतं, पण शब्द इतका वर जाऊन खाली यायचा म्हणजे उत्तराला वेळ लागतो. दुसरं नवं. त्याचे ढीगभर उपग्रह खालून फिरतात, ते झटपट असतं, पण आपल्याकडे अजून नाव नोंदवून वाट बघायची.

“मी असतो तर थांबलो असतो,” ॲलॉयशियस म्हणाला.

“थांबायला वेळ कुठे आहे?” भाऊजी म्हणाले. “मे महिन्यात घर सोडायचं. ती येईल तेव्हा सगळं तयार हवं.”

ॲलॉयशियसने माझ्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. “देव, एक विचारू? राग नको मानू. पोरगी खरंच येनार हाय का? नाय म्हंजे, येनारा मानूस आधी बॅग भरतो, मंग नेटचा विचारतो.”

भाऊजी उठलेच. पुढ्यातला केक तसाच राहिला. “तुम्हा लोकांना तोंडावर बोलायची सवय,” ते म्हणाले.

“मग बरी हाय की सवय,” ॲलॉयशियस म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता. त्यालाही वाईट वाटलं होतं.

माहीमहून आम्ही चालतच निघालो. भाऊजी माझ्यापुढे चार पावलं चालत होते. मग म्हणाले, “त्याला मुलगी नाही ना. त्याला काय कळणार?” तेव्हा माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, “भाऊजी, तो नवी पत्रिका करून आणणारा गृहस्थ आठवतो? तुम्ही बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला होतात तो?”

“आठवतो की. त्याचं काय?”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ते सोंग नव्हतं. त्यांना खरंच काही लागलं नव्हतं. आपली मुलगी आपल्याला सांगते ते कारण खरंच असणार, ती काय परक्या स्थळासारखी बोलेल? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो. मला राग आला, आणि त्यांची इतकी दया आली की पुढचं बोलणं मी गिळलं. “काही नाही, सहज आठवला,” म्हटलं.

एजंटाने जुन्या जातीची छत्री आणून दिली. तिला दक्षिणेकडचं आकाश मोकळं लागतं. कोंडवळच्या घराच्या दक्षिणेला फणस होता, ताईचा लाडका, दारातच. त्याच्या अर्ध्या फांद्या उतरवल्या. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर आला. दौलतची लाइन पहिली, छत्रीची दुसरी, एक गेली की आपोआप दुसरी लागायची सोय झाली. मी म्हणत होते, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय. पण मनातच म्हणत होते. मे महिन्यात शिवाजी पार्कचं घर सुटलं, सामान ट्रकमध्ये गेलं आणि दोघं कोंडवळला राहायला गेले. क्षितिजाची खोली भाऊजींनी स्वतः रंगवली. टेबल खिडकीशी, खुर्ची पाठीला आधार देणारी, भिंतीवर नेटचा डबा. त्या खोलीत मी गेले की मला गलबलून यायचं.

पहिल्या व्हिडिओ कॉलला मी तिथेच होते. क्षितिजा अगदी स्वच्छ दिसली, कानातलं नवीन होतं ते सुद्धा दिसलं. भाऊजींनी एकेक लाइन बंद करून दाखवली. तिने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, “बाबा, ग्रेट आहात तुम्ही. फक्त ना, ऑफिसने आता आठवड्यातून तीन दिवस यायला सांगितलंय. कधीपर्यंत ते माहीत नाही. बघू.”

भाऊजी म्हणाले, “हो का? बघू, बघू. नियम काय, बदलतात.”

परळला माझ्या घरी आल्यावर मी तिला फोन लावला. सरळ विचारलं, “ऑफिसचं खरं आहे का?”

“आहे. थोडं.” मग ती म्हणाली, “मावशी, तू तरी मला नेटचं विचारू नकोस.”

“मग कशाचं विचारू?”

ती बराच वेळ बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. “पंचविसाव्या वर्षी मी बाबांना सांगितलं, मला पुढे शिकायचंय. आठवतं? बाबांनी पुढे शिकू देणारं स्थळ आणलं. मी म्हटलं, मुंबई सोडणार नाही. ते स्थळ दादरचंच निघालं. म्हटलं, एकत्र कुटुंब नको. तर त्यांचं वेगळं घर तयार होतं. मी कारणं देत गेले, ते कारणं दूर करत गेले. शेवटी माझ्याकडची कारणं संपली आणि लग्न झालं. सगळ्या जगाचे नकार कळतात गं त्यांना. माझा कळला नाही.”

“तेव्हा स्पष्ट म्हणायचं होतंस.”

“कोण म्हणतं आपल्याकडे? तू म्हणालीस कधी?” मग म्हणाली, “माझा राग नाही त्यांच्यावर. पण तिथे राहायला गेले की ते दिवसभर माझ्याकडे बघत बसणार. बोलणार काही नाही. नुसतं बघणार, आपल्या हातून फुटलेल्या बरणीकडे बघावं तसं. मला नाही झेपत ते. मी इथे नीट आहे मावशी. तिथे मी नीट राहणार नाही.”

दोन्ही बाजूंचं ऐकून न्याय द्यायला न्यायाधीश लागतो, मी नुसती लिहून घेणारी. आणि खरं सांगते, दोघांचंही म्हणणं मला पटत होतं, म्हणून जास्त वाईट वाटत होतं.

श्रावणात मी महिनाभर कोंडवळला जाऊन राहिले. भाऊजी सकाळी उठून छत्रीवरची पानं काढायचे, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी बघायचे, दौलतला फोन करून ‘आज दोन पॉइंट कमी का’ म्हणून तंबी द्यायचे. एका दुपारी ते पाइपला नवा ताण बांधायला बाहेर गेले, तेव्हा मी ताईला क्षितिजाचं सगळं सांगितलं.

“मला माहीत आहे,” ताई म्हणाली.

“कधीपासून?”

“कोलंबी सोलत होतो तेव्हापासून. ती थांबली ना बोलायची मध्येच, तेव्हाच.”

“आणि एवढं सगळं करू दिलंस? फणस तोडू दिलास?”

ताई शांतपणे गहू निवडत होती. “मग काय करू नलू? मुंबईचं घर सुटलं. मंडळाचं काम सुटलं, आता मुलं मोबाइलवर आपली आपण जमवतात. सकाळी उठून त्यांना बघायला ती छत्री आहे. ती येणार म्हणून रोज दाढी करतात. ते काढून घेऊ त्यांच्याकडून?” तिचे डोळे कोरडे होते. “मी फार मागत नाही गं. पिठोरीला येते ती, तेवढं येऊ दे.”

श्रावणातल्या अमावास्येला पिठोरी. आईने मुलांसाठी करायचं व्रत. दिवसभर उपास, संध्याकाळी पिठाच्या मूर्तींची पूजा. मग खीर-पुरीचं ताट आईने डोक्यावरून मागे धरायचं आणि मागे न बघता विचारायचं, ‘अतिथी कोण?’ मागे उभ्या मुलाने ‘मी’ म्हणून आपलं नाव सांगायचं आणि ते वाण आईच्या हातातून घ्यायचं. क्षितिजाने एकही पिठोरी चुकवली नव्हती. नवऱ्याचं घर सोडलं त्या वर्षी सुद्धा एका दिवसापुरती विमानाने आली, वाण घेतलं, सकाळी परत गेली. वर्षातली तिची ती एक भेट पक्की.

अमावास्येच्या दोन दिवस आधी तिचा व्हिडिओ कॉल आला. “बाबा, एवढं सुंदर नेट बसवलंत तुम्ही. मग यंदा मी इथूनच म्हणते ना ‘मी’? विमान, मग पुढचा तो रस्ता, त्यात पाऊस. आता रोज दिसतोच की आपण.”

भाऊजी म्हणाले, “हो हो. बरोबर आहे. कशाला दगदग.”

दुसरं काय म्हणणार होते? नेट चांगलं आहे हे त्यांनीच महिनोन्‌महिने तिला पटवलं होतं. ताई स्क्रीनच्या बाहेर उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

पिठोरीच्या संध्याकाळी पाऊस धरून होता. भाऊजींनी क्षितिजाच्या खोलीतलं टेबल बाहेर आणलं, ताईच्या मागे ठेवलं आणि त्यावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला. दौलतची लाइन पावसाने गेलेली, पण छत्रीची चालू होती. तरी ते दोनदा पावसाची छत्री डोक्यावर धरून अंगणात गेले आणि उपग्रहाच्या डिशवरचं पाणी पंच्याने पुसून आले. क्षितिजाने साडी नेसली होती. छान दिसत होती. मागे तिच्या घरातला दिवा, पडदे, सगळं स्पष्ट.

ताईने पूजा केली, नमस्कार केला, ताट दोन्ही हातांनी उचलून डोक्यावरून मागे धरलं आणि विचारलं, “अतिथी कोण?”

काहीच आवाज नाही. शब्द वर जात होता. ताईला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं, “अतिथी कोण?” आणि तेवढ्यात पहिल्याचं उत्तर आलं, “मी, क्षितिजा,” आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याचं, “मी गं आई, क्षितिजा.”

“घे बाई वाण,” ताई म्हणाली.

क्षितिजाने दोन्ही हात स्क्रीनकडे पुढे केले. “घेतलं!” म्हणून हसली. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं, कारण ताट तिथेच होतं. आईने मागे बघायचं नसतं, आणि वाण आपण होऊन परत पुढे घ्यायचं नसतं. ताट एका बाजूला कललं. खीर ताटाच्या काठाला लागून एक ओघळ तिच्या केसांवर आला. मी पुढे व्हायला हवं होतं, पण ते वाण माझं नव्हतं.

“आई, मी... मी ठेवू का?” क्षितिजा म्हणाली. तिने नाक ओढलं, तेही इतकं स्वच्छ ऐकू आलं. मग स्क्रीन काळी झाली. तिनेच बंद केली.

भाऊजींनी पुढे होऊन ताट घेतलं. त्यांचे हात डिश पुसून ओले होते. ताईने मागे न बघताच विचारलं, “कोण?”

भाऊजींना ‘मी’ म्हणता आलं नाही. ताट हातात धरून ते उभे राहिले, टेबलाकडे बघत, खिडकीबाहेर बघत. मग म्हणाले, “सुरुची, नेट असो वा नसो, ती राहायला येणारच नव्हती, ना?”

ताईने पदराने केसांवरची खीर पुसली. “पुऱ्या गार होतायत,” ती म्हणाली. “बसा तुम्ही. नलू, पाट मांड.”

मी पाट मांडले. भाऊजी खाली बसले. ते ताट त्यांनी मांडीवरच ठेवलं, त्यातलं काही खाल्लं नाही, आणि ताईने मागितलं तरी खाली ठेवलं नाही.